डाव्या वळणावरचा आवाज

सद्या, तू गेलास त्याला आज सोळा दिवस झाले, आणि आपलं भांडण एकदाचं मिटलं. मिटलं म्हणजे मी हरलो. हे तुला तोंडावर सांगायची वेळ आली नाही म्हणून मला तुझा राग येतोय, आणि सुटलो बुवा असंही वाटतंय. तू असतास तर मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एकूण एक शेडमध्ये जाऊन ही बातमी सांगितली असतीस. वर माझ्या कॉलेजच्या फाटकाशी गाडी लावून, माझा तास चालू असताना, हॉर्नही वाजवला असतास.

तेराव्याला लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलले. कुणी म्हणालं मनाचा मोठा, कुणी म्हणालं अजातशत्रू. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. अजातशत्रू! सात महिने तू माझ्याशी बोलत नव्हतास. तुझ्या मते मी तुझ्याशी बोलत नव्हतो. नक्की कोण कुणाशी बोलत नव्हतं हा वादही अर्धाच राहिला.

जेवणं झाल्यावर तुझ्या मेहुण्याने, सुमनवहिनींच्या भावाने, मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मास्तर, तुमचं दोघांचं बिनसलं कशावरून? जमिनीचं काही होतं का?" मी म्हटलं, "नाही. दांड्यावरून." त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग मी त्याला समजावून सांगायला बसलो. गाडीचं बॉनेट उघडलं की आत दोन्ही अंगांना पत्र्याचे दोन उंच खांब दिसतात, पुढच्या चाकांचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर त्यांत वरपर्यंत गेलेले असतात. गाडी वळणावर जोरात घातली की हे खांब किंचित आत-बाहेर होतात आणि स्टिअरिंग ऐकल्यासारखं करून ऐकत नाही. म्हणून दोन्ही खांबांची डोकी एका आडव्या दांड्याने जखडायची. रॅलीच्या गाड्यांना असा दांडा असतोच. तो कुठला घ्यायचा, कसा घ्यायचा, यावरून आमचं वाजलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे जमिनीचं नव्हतं."

तुझी ती लहानगी पांढरी गाडी आली तो दिवस आठवतोय? तोवर रत्नागिरीत असल्या चार-दोनच गाड्या होत्या, आणि त्यांचे मालक त्यांना चादर पांघरून ठेवत. तू आणलीस ती सरळ आमच्या दारात, माळनाक्याला, कारण माझ्या आईच्या हातून पूजा करून घ्यायची होती. तू खारव्याच्या घरातला, बापाच्या मचव्याचं इंजिन उघडत लहानाचा मोठा झालेला. नव्या होडीला गाऱ्हाणं घालतात तसं गाडीला का नको, म्हणालास. आईने बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, सोललेला पण शेंडी राखलेला नारळ ठेवला आणि हात जोडून सुरू केलं, "बा म्हाराजा, ह्या दोन येड्यांना काय ती गाडीची हौस आलीय. ह्यांची अक्कल काय मी मागत नाय, ती काय आता येत नाय. पण जातील तिथनं दोघांना एकत्र घरी पोचव रे म्हाराजा!" आणि तू, ज्याच्याविषयी हे चाललं होतं तोच, मोठ्याने ओरडलास, "व्हय म्हाराजा!"

मग आई म्हणाली, हा नारळ फोडायचा नाही, गाडीतच ठेवायचा. गाडी आहे तोवर राहू दे. तू मान डोलावलीस आणि ती आत वळताच नारळ काढून माझ्या हातात दिलास. "मास्तर, वजन!" मी तो देवघरात ठेवून दिला.

वजनाचं वेड तुला पहिल्या दिवसापासून होतं. मागची सीट काढलीस. राखदाणी काढलीस. काचेवरच्या उन्हाच्या झडपा काढल्यास आणि मग उन्हात डोळे किलकिले करून गाडी चालवू लागलास. मला म्हणालास, मास्तर, नुसता चहा घे, भजी नको, आपल्याला संगमेश्वरच्या चढाला त्रास होतो. मी नकाशा आणि स्टॉपवॉच मांडीवर घेऊन बसणारा माणूस, माझं वजनही तू गाडीच्या सामानात धरलं होतंस.

आणि वर्ष सरता सरता तो आवाज सुरू झाला. ठक्. फक्त डाव्या वळणावर. उजव्या वळणावर काही नाही, सरळ रस्त्यावर काही नाही. निवळीच्या घाटात डावं वळण आलं की ठक्, आणि त्या ठक्सरशी तुझा पाय वेगावरून उचलला जायचा. सबंध कोकणात तुझ्यासारखा वळण घेणारा माणूस मी पाहिला नाही. तो तू डावीकडे वळताना नव्या नवरीसारखा वळायला लागलास. आपण दर रविवारी सरावाला जायचो आणि दर रविवारी आपली वेळ वाईट होत जायची.

आता खरं सांगतो. पहिल्या दिवशीच तू म्हणाला होतास, "मास्तर, आवाज मागनं येतोय." मी तुला गप्प केलं. मी भौतिकशास्त्र शिकवतो, ध्वनी हे प्रकरण मी अकरावीला बारा वर्षं शिकवलं आहे. मी तुला सांगितलं की पत्र्याच्या रिकाम्या पेटीत आवाज उलटून येतो, म्हणून मागून आल्यासारखा वाटतो, मूळ पुढे आहे. कागदावर आकृतीसुद्धा काढून दिली. तू ती आकृती मिरजोळ्याच्या तुझ्या वर्कशॉपात, लेथच्या वर भिंतीला चिकटवलीस. परवा शेडमध्ये गेलो तेव्हा ती अजून तिथे होती, तेलाचे डाग पडलेली. मी तिच्याकडे फार वेळ बघू शकलो नाही.

मग मी मुंबईहून रद्दीतली परदेशी मोटर मासिकं आणली. त्यांत दांड्याची जाहिरात होती, आणि खांब वाकले की आवाज येतो असंही कुठेतरी लिहिलं होतं. झालं. आपला रोग ठरला आणि औषध ठरलं. उरला प्रश्न दांडा कुठला.

माझा मावसभाऊ आखातात होता. त्याने सुट्टीला येताना एक अ‍ॅल्युमिनियमचा दांडा आणला, चांदीसारखा चकचकीत, दोन्ही टोकांना फिरणारे सांधे, मध्ये लांबी कमीजास्त करायचा आटा. दोन किलोसुद्धा नाही. तू तो हातात घेतलास, एका डोळ्याने आरपार पाहिलास आणि म्हणालास, "सुंदर हाय. पण सांधा आला म्हणजे ढिलाई आली. ह्यो दांडा नाय, ह्यो बाहुलीचा हात हाय." दुसऱ्या दिवशी तू तुझा दांडा घेऊन आलास. पोलादी नळी, अखंड, दोन्ही टोकांना जाड पट्ट्या वेल्डिंग केलेल्या. मी उचलला आणि माझी कंबर धरली. "सद्या," मी म्हटलं, "राखदाणी काढणारा माणूस हा तुळईचा तुकडा घालणार?"

तुझ्या होड्या बांधणाऱ्या काकांनाही आपण पंच म्हणून विचारलं, ही आपली आणखी एक चूक. मिरकरवाड्यात होडीच्या सावलीत बसून त्यांनी दोन्ही दांडे पाहिले आणि बाजूला ठेवले. होडीच्या दोन बाजू फाकू नयेत म्हणून मध्ये आडवा बाक घालतात, तसंच हे, एवढं त्यांना लगेच कळलं, आपल्याला कळायला मासिकं लागली. पण मग ते म्हणाले, "लोखंड गंजतं. ह्यो पांढरा धातू मला म्हायत नाय. ऐनाचं लाकूड घाला, तुमच्या नातवांना बदलायला नको." आणि खरोखर माप घ्यायला सुतळी घेऊन उठले. आपण कसेबसे निसटलो.

मग आपण शास्त्रीय कसोटी घ्यायची ठरवली. म्हणजे मी ठरवली. दोन खांबांच्या मध्ये सुतळी ताणून बांधायची, वळणावर खांब हलले तर सुतळी सैल पडेल. पण बॉनेट बंद असताना ती बघणार कोण? तू बॉनेटच काढून ठेवलंस. भर दुपारी परटवण्याच्या उतारावर तू उघड्या इंजिनाची गाडी हाकतोयस आणि मी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर येऊन सुतळीकडे बघतोय, हे माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी पाहिलं. सुतळी हलली का? वारा इतका होता की ती सतारीसारखी थरथरत होती. तू म्हणालास सैल पडली, मी म्हणालो नाही. एवढ्यात ठक् झालं, आणि दोघंही म्हणालो, "बघ!"

माझ्या दांड्याची भोकं तुझ्या गाडीच्या खांबांशी जुळत नव्हती हे मी तेव्हाही मान्य करत होतो. चार बोल्टांपैकी दोनच बसत. बाकीच्या दोनांसाठी नवी भोकं पाडायला तू साफ नकार दिलास. "गाडीच्या अंगाला तुझ्या दांड्यापायी भोक पाडणार नाय," म्हणालास. मी म्हणायचो, दोन बोल्टांवर तपासून दांड्याला नापास करणं हा अन्याय आहे. तू म्हणायचास, पास करायला ती काय तुझी परीक्षा आहे. वरून हसणं चालायचं, पण मला ते लागत होतं. दोन वर्षं तुझ्या शेजारी बसून मी नुसती वळणं मोजली होती. गाडीत माझी म्हणून एक वस्तू असावी असं मला वाटत होतं. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण चाळिशीच्या माणसाने सांगायची ही गोष्ट नव्हे.

मग ती शिमग्याआधीची रॅली. मुंबईच्या कुठल्याशा क्लबाची, आपल्या जिल्ह्यातून चिपळूणकडे जाणारी. आपल्यासाठी ती आयुष्यातली एकुलती एक. आणि आपण काय केलं? दोन्ही दांडे बरोबर घेतले. राखदाणी काढलेल्या गाडीत! निवळीपर्यंत तुझा होता. ठक् झालं. मी म्हटलं, आता माझा. रस्त्याकडेला थांबून बदलला. पुढे ठक् झालं. तू म्हणालास, काढ तुझा बाहुलीचा हात. संगमेश्वरला पुन्हा थांबलो. शर्यत वेळेची, मांडीवर घड्याळ माझ्या, आणि पाना फिरवतोय मी! सावर्ड्याच्या बाजारात पोचलो तेव्हा वेळ नोंदवणारे लोक टेबल घडी करून शेजारच्या हॉटेलात मिसळ खात होते. त्यातला एक म्हणाला, "तुम्ही रॅलीतले? आम्हाला वाटलं गाडी दुरुस्तीवाले."

त्यावर सगळं हॉटेल हसलं. तू पण हसलास. तू हसलास म्हणून माझं डोकं फिरलं. मी माझी ती पांढरी क्रिकेटची टोपी काढून तुझ्या अंगावर फेकली. "भोक पाडशील तेव्हा बोल माझ्याशी!" असं ओरडलो, आणि मिसळीवर वाकलेली सगळी डोकी वर झाली. तू टोपी झेललीस. झेल चांगला होता. मी दांडा काखोटीला मारून तरातरा एस.टी. स्टँडावर गेलो.

त्या गाडीत कंडक्टरने विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, दांडा. "कशाचा?" मी म्हटलं, मोटारीचा. त्याने माझ्याकडे आणि बाहेर पळणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाकीची मोटार कुठे राहिली?"

नंतरचे सात महिने तुला माहीतच आहेत. तू घरावरून जाताना दोनदा हॉर्न वाजवायचास. मी पेपर तोंडापुढे धरायचो. एकदा तो उलटा धरला होता हे तू पाहिलं असणार. माझ्या दांड्यावर आई न्हाणीघराशेजारी लुगडं वाळत घालू लागली. मी दर आठवड्याला ठरवायचो की या रविवारी मिरजोळ्याला जायचं. रविवार यायचा आणि मी म्हणायचो, त्याने यावं. मग त्या सकाळी लेथपाशी छातीत कळ आली, तू स्टुलावर बसलास आणि उठला नाहीस. सगळ्यात मोठा मूर्ख कोण हे मला त्या सकाळी कळलं.

काल सुमनवहिनींनी बोलावलं. "भाऊजी, गाडी उभी आहे तेव्हापासून. एकदा चालू करून बघाल? दुसऱ्या कुणाला हात लावू द्यावासा वाटत नाही." मी किल्ली घेतली. सवयीने डावं दार उघडून बसलो, आणि समोर स्टिअरिंग नाही बघून परत उतरलो. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग रडल्या.

बॉनेट उघडलं. तुझा दांडा जागेवर नव्हता. दोन्ही खांबांवर नवी भोकं होती, कानस मारून गुळगुळीत केलेली, रंगाचा हात दिलेली. त्यांत नवे बोल्ट हातानेच फिरवून ठेवले होते, घट्ट न करता, कुणी येऊन काढेल आणि बसवेल असे. मोजून बघायची गरज नव्हती, पण मी बोटांनी मोजलं. माझ्या दांड्याची चारही भोकं.

तुझा दांडा मागे होता, गोणपाटात गुंडाळलेला. तो ओढताना मागे पत्र्यावर लावलेला पुठ्ठा सुटला. त्याच्या आड, उजव्या चाकाच्या कमानीमागे, पोकळीत काहीतरी पांढरं कोंबलेलं दिसलं. माझी टोपी. टोपी ओढली तर आतून जड. टोपीत नारळ. शेंडीला वाळकं कुंकू लागलेला. मी तो कानाशी धरून हलवला. आत खोबऱ्याचा सुका गोटा गडगडला, आणि असा सुकून हलका झालेला नारळ डाव्या वळणावर उजवीकडच्या पत्र्यावर आपटला की काय वाजतं ते मला ऐकायची गरज नव्हती. सद्या, आपण दोघं रत्नागिरीचे! नारळ हलवून गोटा झालाय की पाणी आहे ते सांगणारी आपली जात. आणि वर्षभर आपण परदेशी मासिकं वाचून त्या आवाजावर उपचार करत होतो.

मी नारळ घेऊन तसाच घरी आलो. आई अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होती. म्हटलं, "हा देवघरातला ना?"

"मग काय," ती म्हणाली. "तुम्ही काढलात तां मला दिसलं नाय काय? तुम्ही आत चहा घेत होतात तेव्हा मीच घातला तिथं, मागं, पुठ्ठ्याच्या आड. दुसरा आणून देवघरात ठेवला. असले भरधाव जाणारे तुम्ही."

"तुला कळलं नाही हा वाजत होता ते?"

"मला कोण बसवतो गाडीत!" मग जराशाने म्हणाली, "सदाला कळलं. पावसात मागं पाणी शिरलं म्हणून पुठ्ठा काढलान. नागपंचमीच्या आसपास आला होता, तू कॉलेजात होतास. नारळ दाखवून विचारलान, काकी, हा तुम्ही ठेवलात? म्हटलं व्हय. तो पायरीवर बसून हसला, इतका हसला की डोळे पुसायला माझा पदर मागितलान."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"त्यानंच सांगितलान नको म्हणून. म्हणाला, मास्तरला काय बोलू नका, मी भोकं पाडलीत, आता तो येईल. आला की मीच सांगतो. मला त्याचं तोंड बघायचंय."

मी पायरीवर बसलो. जिथे तू बसला होतास तिथेच असणार, कारण दुसरी पायरी फुटकी आहे. तू वाट बघत होतास आणि मी पेपर उलटा धरून बसलो होतो. माझं तोंड कसं झालं होतं ते तुला बघायला मिळालं नाही. आईने पाहिलं आणि ती सुपाऱ्यांकडे वळली.

आज सकाळी लुगडं काढून माझा दांडा घेऊन गेलो. चारही बोल्ट लोण्यात सुरी जावी तसे बसले. बॉनेट उघडं ठेवूनच शेडभोवती एक चक्कर मारली, मग उतरलो, तो काढला, आणि तुझा बसवला. तूच बरोबर होतास. सांधा आला म्हणजे ढिलाई आली. हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, भौतिकशास्त्र मीच शिकवतो. आवाजही मागूनच येत होता. आता दोन्ही लेखी कबूल करतो.

टोपी झटकून डोक्यावर घातली. नारळ पुठ्ठ्याच्या आड परत ठेवला, मोकळा, तुझ्यासारखी टोपी न गुंडाळता, वाजेल असा. वहिनी म्हणाल्या, "फार जोरात जाऊ नका." मी म्हटलं, मला येतच नाही. निवळीपर्यंत गेलो. शेजारच्या सीटवर नकाशा ठेवला होता, घड्याळ ठेवलं होतं. घाटातलं पहिलं डावं वळण आलं, मी पाय उचलला नाही, आणि मागून ठक् झालं.

मी डावीकडे वळून म्हणालो, "सद्या, मागनंच रे."